सदतीस अंश

रविवारी दुपारी चार वाजता मी न्हाणीतल्या टबात उजवा पाय घातला आणि पाणी गार निघालं. टब भरण्याचं बटण दाबलं होतं, तापवण्याचं दाबायचं राहिलं होतं. चौतीस वर्षांच्या संसारात ते बटण मी कधी दाबलंच नव्हतं. किनुए दाबायची आणि स्वयंपाकघरातून हाक मारायची, अहो, पाणी झालं. ती जाऊन साडेचार महिने झाले. तेवढ्या काळात मी असा तीन-चारदा तरी फसलो असेन, त्यामुळे पाणी गार निघालं यात नवीन काही नव्हतं. पण या वेळी पाय वर काढताना मला माझ्या उजव्या हाताचा अंगठा आठवला. गार लागलं पायाला आणि आठवण झाली अंगठ्याची, हे कसं ते मला सांगता येणार नाही. अंगठ्याखाली एक ओली बाटली होती. बाटलीला बाहेरून घाम आला होता, त्या घामाने चिठ्ठीवरची शाई पसरली होती आणि अंगठा निळा झाला होता. तो मी पँटला पुसला होता. जूनमधली गोष्ट. मी तसाच ओला बुटक्या स्टुलावर बसलो आणि ती बाटली पुन्हा डोळ्यांपुढे आणली. नीट, सावकाश, सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवावा तशी. बाटली कोमट असती तर तिला घाम आला नसता.

मी नागोयातल्या एका विद्यापीठात, पेशी कशा चालतात याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत, एकतीस वर्षं तंत्रज्ञ आहे. शोध लावणं हे माझं काम नाही. मी पेशी वाढवतो, त्यांना खायला घालतो, त्यांची काच धुतो आणि सांगतील त्या क्षणी त्यांना फिक्स करतो. फिक्स करणं म्हणजे त्या क्षणी जशा आहेत तशा थिजवणं. मग त्यांना रंग देतात आणि त्यांचा फोटो काढतात. पेशीला हाडं नसतात, पण सांगाडा असतो, आणि तो आपल्या सांगाड्यासारखा एकदा झाला की झाला असा नसतो. बारीक धाग्यांचा असतो आणि सारखा बांधला जातो, सारखा मोडला जातो. पुढच्या कडेला धाग्यांच्या टोकांना नवे तुकडे जोडले जातात आणि ते पेशीची कातडी पुढे ढकलतात. ती कड काचेला चिकटते. मागचे धागे आवळतात, शेपूट सुटते आणि अंग पुढे ओढलं जातं. मागे मोडलेल्या धाग्यांचे तुकडे पुन्हा पुढे कामाला येतात. चार फळ्या असलेल्या माणसाने चिखलातून जाताना मागची फळी उचलून पुढे टाकावी, तसं. याशिवाय पेशीच्या मध्यातून कडेपर्यंत गेलेल्या जाड नळ्या असतात, त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. धागे ढकलतात आणि या नळ्या बहुतेक पेशींत दिशा राखायला मदत करतात. आणि या नळ्या गारठ्याला भितात. उंदराच्या किंवा माणसाच्या पेशींना गार पाणी लागलं की थोड्याच वेळात नळ्या सुट्या होऊन विरघळतात. म्हणून फिक्स करण्याआधी पेशी ज्या द्रावणाने धुवायच्या त्याची बाटली फ्रिजमधून काढून अर्धा तास गरम पाण्याच्या टाकीत ठेवायची असते. सदतीस अंश. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

आमच्याकडे एबिसावा चिनात्सु नावाच्या संशोधक बाई आहेत. वय छत्तीस. नोकरी करारावर, करार मार्चमध्ये संपतो. त्यांनी उंदराच्या पेशींतलं एक जनुक गप्प केलं. ते गप्प केलं की पेशी चालायच्या, पण सरळ चालायच्या नाहीत. थोडं पुढे, मग बाजूला, मग मागे. जिवंत पेशींच्या फिल्ममध्ये हे स्पष्ट दिसत होतं. असं का होतं ते पाहायला जूनमध्ये पेशींच्या बारा डिश फिक्स केल्या. जनुक तीन वेगवेगळ्या पद्धतींनी गप्प केलेलं, प्रत्येक पद्धतीच्या चार डिश. तिन्ही पद्धतींत एकच उत्तर आलं, नळ्या जवळजवळ नाहीशा. सगळे खूश झाले. तुलनेसाठी त्याच दिवशीच्या साध्या पेशी हव्या होत्या, पण पावसाळी हवेने त्या डिशना बुरशी आली होती, म्हणून आदल्या आठवड्यातल्या घेतल्या. त्यांत नळ्या ठणठणीत होत्या. लेख तयार झाला, एका चांगल्या नियतकालिकाने घेतला, किरकोळ दुरुस्त्या फक्त राहिल्या. त्याच लेखावर एबिसावा-सानना साप्पोरोच्या एका विद्यापीठाने पाच वर्षांच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं. मुलाखत येत्या गुरुवारी. लेखाच्या शेवटी आभाराच्या बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं की सर्व नमुने त्सुरुमाकी यांनी तयार केले, आणि हे काम त्यांच्या पत्नी किनुए यांच्या स्मृतीस. मला आधी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवून गेल्या. किनुए आभाराच्या ओळीत माझं नाव भिंग घेऊन शोधायची. म्हणायची, एकतीस वर्षं राबून मुंगीएवढं नाव, माझ्या लोणच्याच्या बरणीवर याहून मोठं लिहिते मी. आता मुंगीएवढी तीही होती, आणि एकट्याने कागदाकडे बघत बसल्यावर मला वाटलं होतं की ती हसली असती.

त्या बारा डिश मी फिक्स केल्या होत्या. ती गेली त्यानंतरच्या चौथ्या दिवशी. पत्नीसाठी दहा दिवसांची रजा मिळते. तिसऱ्या दिवशी यागोतोच्या स्मशानातून अस्थी घरी आणल्या, पांढऱ्या कापडातला कलश कपाटावर ठेवला, बहीण गाडी पकडून तोयोहाशीला परत गेली. चौथ्या दिवशी सकाळी सहाला उठलो तर घरात आवाज नव्हता. फ्रिजचाच काय तो, आणि तोही मधेच थांबायचा. सात वाजता मी प्रयोगशाळेत होतो. एबिसावा-सान आल्या, मला बघून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, घरी जा. मी म्हणालो जातो, आणि गेलो नाही. पेशी त्या दिवशीच हव्या तेवढ्या दाट झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी उपयोग नव्हता. एबिसावा-सानना पाहुण्यांसाठी सेन्सेईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, बोलावलं होतं. मी करतो, म्हणालो. माझ्या हाताने हे काम एवढ्या वेळा झालं आहे की डोकं लागत नाही. आणि त्या दिवशी डोकं लागणार नव्हतं म्हणूनच मला ते हवं होतं. फ्रिज उघडला, बाटली काढली. यापुढे टाकीकडे जायचं, झाकण उचलायचं, बाटली आत ठेवायची. रविवारी स्टुलावर बसून मी टाकीपर्यंत जायचा खूप प्रयत्न केला, पण आठवणीत मी टाकीकडे जात नाही. मी सरळ डिशकडे जातो, निळा अंगठा पँटला पुसतो आणि द्रावण ओततो. आणि मग फोन वाजतो.

फोन वेदीवरची नावाची पाटी करणाऱ्या दुकानदाराचा होता. मेलेल्या माणसाचं नाव कोरलेली काळी लाकडी पाटी, घरातल्या वेदीत ठेवायची. म्हातारा माणूस, फार अदबशीर. पाटी केवढी हवी, सोनेरी अक्षरं किती खोल, असं विचारत गेला. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहून हो, हो म्हणत होतो. मग त्याने विचारलं, "बाईंच्या नावाशेजारी तुमच्या नावासाठी जागा सोडायची का? पुष्कळ जण सोडतात. नंतर नवी पाटी करावी लागत नाही." सोयीची गोष्ट होती. किनुएला पटली असती. तिला एकदा घेतलेली वस्तू दोनदा वापरता आली की बरं वाटायचं. तो थांबून राहिला. खिडकीतून सायकलींची शेड दिसत होती, एक विद्यार्थिनी सायकलचं ओलं सीट रुमालाने पुसत होती, आणि ती पुसून संपेपर्यंत मी उत्तर देणार नाही असं मी ठरवलं, कारण दुसरं काही ठरवता येत नव्हतं. मग सोडा म्हणालो. आत आलो तेव्हा वीस मिनिटं झाली असावीत. तेवढा वेळ पेशी त्या पाण्यात होत्या. मी फिक्स करण्याचं औषध घातलं, वही काढली आणि नेहमीप्रमाणे लिहिलं, धुणं पाच मिनिटं, सदतीस अंश. मी खोटं लिहिलं नाही. मी काय केलं ते आठवून लिहिलंच नाही, हात जे एकतीस वर्षं लिहितो ते त्याने लिहिलं. पण वही वाचणाऱ्याला त्यात फरक दिसत नाही.

रविवारी मी आंघोळ केलीच नाही. कपडे घातले आणि सेन्सोकू चौकापर्यंत चालत जाऊन परत आलो. चालताना माझ्या मनात एक विचार आला आणि तो मी इथे लिहून ठेवतो, कारण तो माझाच होता. विचार असा की हे कुणालाही कळणार नाही. वही सदतीस म्हणते. बाटली केव्हाच धुऊन पुन्हा भरली गेली. उद्या दुसऱ्या कुणी हे करून पाहिलं आणि नळ्या शाबूत निघाल्या, तर म्हणतील त्यांच्या पेशी वेगळ्या असतील. अशा गोष्टी होतात, दहा वर्षं कुणी बोलत नाही. तोवर एबिसावा-सान साप्पोरोला स्थिर झालेल्या असतील, मी मार्चमध्ये निवृत्त होऊन कायमचा घरी, आणि किनुएचं नाव छापलेलं राहील. एका चुकीने तिघांचं भलं होत होतं. मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापाशी थांबून मुळा घेतला, एकट्याला अर्धाच पुरतो तरी अख्खा घेतला. विचार तसाच बरोबर चालत राहिला. त्याने मला त्रासही दिला नाही, हेच मला आवडलं नाही.

मग मला किनुए इस्पितळातली आठवली. तिला आतड्यापाशी गाठ होती आणि मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले की ती यकृतात पसरली आहे. पसरली म्हणजे काय हे त्या खोलीत डॉक्टरांइतकंच मला माहीत होतं. तिथून तिथे कुणीतरी चालत गेलं होतं. कड पुढे ढकलत, चिकटत, मागचं सोडवत. ज्या गोष्टीकडे मी एकतीस वर्षं कौतुकाने बघत आलो तीच. त्या संध्याकाळी तिने विचारलं, तुम्ही रोज बघता त्याच का या? मी म्हणालो, चाल तीच. ती छताकडे बघत म्हणाली, "मग नीट चालत असतील. तुमच्या हाताखालच्या त्या." मला तिचा राग आला होता. मला अजूनही कळत नाही की ती मला चिडवत होती की धीर देत होती. ती दोन्ही एकाच आवाजात करायची. खूप वर्षांपूर्वी विद्यापीठ लोकांना खुलं असतं त्या दिवशी ती आली होती, तेव्हा मी तिला सोनमाशाच्या खवल्यावरच्या पेशी दाखवल्या होत्या. त्या फार वेगात सरकतात, चंद्रकोरीसारख्या. तिने डोळा लावला आणि विचारलं, ह्यांना जायचंय कुठे? कुठेच नाही, मी म्हणालो. मग एवढी घाई कसली, असं म्हणून ती माझ्या सेन्सेईंसाठी आणलेला डबा शोधू लागली. पण चाल नीट बघायला शिकलो ते मी तिच्यासाठी नव्हतं, कुणासाठीच नव्हतं. एवढं एकच काम मला नीट येतं असं मी समजत होतो. आता जगात एक चित्र असं जाणार होतं जे माझ्या हाताने बिघडवलेलं होतं, आणि पेशी कशा वाट चुकतात हे शोधणारी माणसं त्यावर भरवसा ठेवून पुढची पावलं टाकणार होती. त्यांतलं कुणी इस्पितळांसाठी काम करणारंही असेल. मुळा सिंकमध्ये ठेवला तेव्हा माझं ठरलं होतं. ते ठरल्यावर काही हलकं वाटलं नाही. फक्त ठरलं.

सोमवारी सकाळी नेहमीच्या कॉफीच्या दुकानात बसलो. तिथे सकाळी कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं देतात. मालकीणबाई म्हणाल्या, त्सुरुमाकी-सान, टोस्टकडे किती वेळ बघाल, तो काही कबूल करणार नाही. मी हसलो, पण कबूल हा शब्द मला लागला. मी तेव्हा असा बेत करत होतो की आधी गुपचूप दोन डिश पुन्हा करून बघाव्यात. नळ्या खरोखरच गेलेल्या निघाल्या तर बोलायची गरजच नाही. शहाणपणाचा बेत वाटत होता. अंडं सोलताना मला त्यातली खोट दिसली. एकट्याने केलं तर पुन्हा फक्त मलाच माहीत असणार. जूनमध्येही असंच झालं होतं. अंडं खाल्लं आणि उठलो.

एबिसावा-सान पेशींच्या खोलीत होत्या, काचेच्या पेटीत दोन्ही हात घालून. अशा वेळी माणसाला हात काढता येत नाहीत, म्हणून मी दारापाशी थांबलो. त्यांनी मागे न बघता विचारलं की साप्पोरोत आत्ताच बर्फ असेल का, त्यांच्याकडे थंडीचे बूट नाहीत. मी म्हणालो, हात बाहेर काढा, एक सांगायचंय. मग सगळं सांगितलं, बाटलीचा घाम, फोन, वही. दुकानदाराचा प्रश्न सांगितला नाही, फोन होता एवढंच. त्या हातमोजे काढत होत्या, एक निघाला आणि दुसरा अर्धा तसाच राहिला.

"मी तुम्हाला घरी जा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग आलात कशाला? सांगा ना. कशाला आलात?"

मी म्हणालो की घरी आवाज नव्हता.

त्या वळून भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे रंगांचं वेळापत्रक लावलेलं आहे, ते त्या वाचत होत्या असं नाही. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या की आदल्या आठवड्यातल्या पेशी तुलनेला घ्यायच्या नसतात हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं आणि तो निर्णय त्यांचा होता, उत्तर आवडलं म्हणून त्यांनी विचारलं नाही. मी म्हणालो, तसं नका म्हणू. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्याने सगळी चूक घेऊन जाऊ नका. थोडी इथे ठेवा." मग अर्धा राहिलेला हातमोजा ओढून काढला आणि चला सेन्सेईंकडे म्हणाल्या. कॉरिडॉरमधून जाताना त्या माझ्या पुढे दोन पावलं होत्या, आणि मला त्यांच्या पाठीवरून त्या किती चिडल्या आहेत ते दिसत होतं. ते बरोबर होतं. त्यांनी चिडू नये असं मला वाटत नव्हतं.

साकाकिबारा सेन्सेई माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत. किनुएच्या अंत्यविधीला ते शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं, वही मागवली, चष्मा वर करून जूनचं पान वाचलं. मग पान माझ्याकडे फिरवलं आणि फार हळू बोलले. म्हणाले, इथे तर सदतीस लिहिलंय. आणि माणूस अशा दिवसांत असतो तेव्हा आठवणीचं काय सांगावं. स्वतःला दोष देण्यासाठी मन गोष्टी रचतं. त्यांची आई गेली तेव्हा त्यांनाही वाटायचं की आपण गॅस चालू ठेवला होता. तेव्हा असं करू या, लेख जाऊ दे, एबिसावा-सान मुलाखत देऊन येऊ देत, मग डिसेंबरमध्ये निवांत पुन्हा करून बघू. चूक निघाली तर दुरुस्ती छापता येते. ते मनापासून बोलत होते. माझ्यासाठी एक दार उघडून धरत होते आणि त्या दारावर दुःख असं लिहिलं होतं. साडेचार महिने लोक माझ्यासाठी ते दार धरत होते. उशीर झाला तरी चालेल, विसरलात तरी चालेल. मी त्यातून पुष्कळदा गेलोही होतो.

"वहीत मी लिहिलं," मी म्हणालो. "बाटलीही मीच धरली होती. दोघांत खरं कोण ते मला माहीत आहे, सेन्सेई."

एबिसावा-सान म्हणाल्या की जनुक गप्प व्हायला तीन दिवस लागतात, आज सुरू केलं तर गुरुवारी फिक्स करता येईल. सेन्सेई म्हणाले, गुरुवारी तुम्ही साप्पोरोला. त्या म्हणाल्या, त्सुरुमाकी-सान करतील. हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. दुसऱ्या कुणाला सांगा, असं मी म्हणणार होतो, ते तोंडातच राहिलं.

चोवीस डिश ठरल्या. अर्ध्या साध्या पेशींच्या, अर्ध्या जनुक गप्प केलेल्या. प्रत्येकातल्या अर्ध्या कोमट द्रावणाने धुवायच्या आणि अर्ध्या फ्रिजमधल्या गार द्रावणात वीस मिनिटं ठेवायच्या, जूनसारख्याच. कुठल्या डिशमध्ये कुठल्या पेशी ते मला कळू नये म्हणून एबिसावा-साननी नुसते आकडे घातले आणि यादी आपल्याबरोबर नेली. गुरुवारी सकाळी टाकीचं पाणी मी तीन वेळा तापमापकाने मोजलं. अडतीसच्या किंचित खाली होतं, थांबलो, सदतीस झालं. बाटली आत ठेवली, अर्ध्या तासाने काढली, गालाला लावून बघितली. हे करायचं नसतं, तरी केलं. मग एकेक डिश. फोन टेबलाच्या खणात होता. तो दोनदा वाजला, बहिणीचा असणार, वर्षश्राद्धाच्या तारखेबद्दल. प्रत्येक डिशनंतर काय केलं ते आठवून, मग लिहिलं. एका ओळीला आधी लागायचा त्याच्या चौपट वेळ लागला. बाराव्या डिशपाशी माझ्या लक्षात आलं की किनुए गेली त्या चौदा जूनपासून आजपर्यंत मी केलेलं हे पहिलंच काम आहे ज्यात मी हजर आहे. हे बरं वाटण्यासारखं होतं की नाही ते मी ठरवलं नाही, तेराव्या डिशकडे गेलो.

एबिसावा-सान शुक्रवारी दुपारी विमानतळावरून सरळ प्रयोगशाळेत आल्या. पायात नवे बूट होते. मुलाखतीचं मी विचारलं नाही, त्यांनीच कोट काढताना सांगितलं. नळ्यांचं चित्र त्यांनी सादरीकरणातून काढून टाकलं होतं. समितीतल्या एकाने विचारलं की लेखात आहे ते चित्र इथे का नाही. त्यांनी सांगितलं की ते चुकीचं असण्याची शक्यता आहे, पुन्हा तपासतोय. मग एका वयस्कर बाईंनी विचारलं, चूक कशी सापडली? तंत्रज्ञांनी सांगितलं, असं एबिसावा-साननी उत्तर दिलं. त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं लिहिलं की वाईट ते डिसेंबरात कळेल. एवढं सांगून एबिसावा-सान सूक्ष्मदर्शकाची खोली अंधारी करायला गेल्या.

आम्ही चोवीसही डिश बघितल्या. मी आकडा सांगायचो, त्या बघायच्या आणि नळ्या आहेत की नाहीत ते म्हणायच्या, मग मी बघायचो. आहेत. आहेत. नाहीत. आहेत. नाहीत. हिरव्या नळ्या असल्या की पेशीच्या मध्यापासून कडेपर्यंत पसरलेल्या दिसायच्या, आणि नसल्या की नुसता हिरवा धुरळा. शेवटी त्यांनी यादी काढून आकडे जुळवले. कोमट धुतलेल्या बाराही डिशमध्ये नळ्या होत्या, जनुक गप्प असो नाहीतर नसो. गार धुतलेल्या बाराही डिशमध्ये नव्हत्या. लेखातलं चित्र म्हणजे माझ्या फ्रिजमधल्या बाटलीचं चित्र होतं. त्यांनी दिवा लावला नाही. अंधारातच म्हणाल्या की लेख मागे घेते, आजच पत्र लिहिते, सेन्सेईंना मी सांगेन. आणि मग, "किनुए-सानचं नाव..." एवढं म्हणून थांबल्या.

मी म्हणालो, "खोट्या चित्राखाली नको तिला. तिला चाललं नसतं." हे खरं होतं की नाही मला माहीत नाही. ती कदाचित म्हणाली असती, अहो, राहू द्या की, कोण भिंग घेऊन बसलंय. पण मला चाललं नसतं, आणि आता ठरवायला मी एकटाच आहे.

मी दिवा लावायला उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, थांबा. फिल्म तर खरी आहे. जिवंत पेशींची फिल्म उबदार कपाटातच काढतात, तिथे गारठ्याचा संबंध येत नाही. पेशी वाट चुकतात हे खरंच आहे. नळ्या सगळ्या जागेवर आहेत आणि तरी चुकतात. मग काय चुकतं? त्यांनी फिल्म लावली. आम्ही ती शंभरदा पाहिली असेल, पण उत्तर आधीच मिळालं आहे अशा डोळ्यांनी. त्या म्हणाल्या की एकेका पेशीचा माग हाताने काढायला हवा, दर दोन मिनिटांच्या चित्रावर पुढची कड कुठे आणि मागची कुठे. संगणकाला कडा ओळखता येत नाहीत, पातळ असतात. तीनशे पेशी तरी हव्यात. मी म्हणालो, माझ्याकडे मार्चपर्यंत वेळ आहे. त्या म्हणाल्या, माझ्याकडेही मार्चपर्यंतच आहे, आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवून पत्र लिहायला शेजारच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने तिथून टायपिंगचा आवाज येऊ लागला, थांबत थांबत.

मी पहिली पेशी निवडली, वरून डावीकडची. आधी ती उजवीकडे नीट चालली होती. बावीस मिनिटांनी थांबली आणि विरुद्ध बाजूलाही एक कड फुटली. दोन्ही कडा पुढे जात राहिल्या, दोन्ही काचेला चिकटलेल्या. पेशी लांब होत गेली, मधे दोरीसारखी बारीक झाली. अशी ती तुटत नाही. कुठली तरी एक बाजू सुटते आणि मग सगळं अंग दुसरीकडे ओढलं जातं. इतकी वर्षं मी पुढची कडच बघत आलो होतो, कारण हालचाल तिथे दिसते. आता मला बघायचं होतं, कुठली बाजू सोडते आणि सोडण्याआधी तिथे काय होतं. मी चित्र दोन मिनिटं पुढे नेलं, खूण केली. पुन्हा दोन मिनिटं. दोन्ही बाजूंनी अजून धरून ठेवलं होतं. मी खुर्ची पुढे ओढली.